रूळ उचलले, रस्ता झाला, पण गँग कुठाय?

प्रश्न असा आलाय की सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन कोलोरॅडो स्प्रिंग्जला बहिणीकडे जातोय, तिथला गोल्ड कॅम्प रोड म्हणे जुन्या रेल्वेलाइनवर केलेला रस्ता आहे, तर काका, बोगद्यांतून गाडी जाते का, मध्येच रस्ता बंद का आहे, आणि रूळ उचलले की रस्ता तयार एवढं सोपं असेल तर आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात असं का नाही केलं.

आधी माझी बाजू सांगतो. मी ३१ वर्षं रेल्वेच्या इंजिनिअरिंगला काढली, त्यातली नऊ सह्याद्रीतल्या घाट सेक्शनला, म्हणजे रूळ, खडी, मोऱ्या (रुळांखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या), कटिंग (डोंगर कापून केलेली वाट), बोगदे आणि पावसाळाभर फोन उशाशी. मुलगा आता डेन्व्हरला असतो त्यामुळे या रस्त्यावर तीनदा जाऊन आलोय, दोनदा गाडीने आणि एकदा बंद भागात पायी. बाकी लोक तिथे दरी बघतात, मी गटार बघत चालतो, सवय आहे, त्यामुळे उत्तरही तसंच असणार.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: खालचा तुकडा गाडीने होतो, बोगदा नंबर १ आणि २ मधून गाडी जाते. पुढे तिसरा बोगदा १९८८ मध्ये बसला, म्हणजे कोसळला, तेव्हापासून मधला साधारण आठ-साडेआठ मैलांचा भाग गाड्यांना बंद आहे, तिथे लोक चालतात, सायकली नेतात. वरचा भाग परत गाडीने करता येतो पण त्यासाठी ओल्ड स्टेज रोड नावाच्या वेगळ्या कच्च्या रस्त्याने वळसा घालून वर चढायला लागतं. एकसलग खालपासून वरच्या क्रिपल क्रीक गावापर्यंत जुन्या लाइनवरून गाडी नेणं आता होत नाही.

आता लांब उत्तर. ही लाइन सोन्यासाठी झाली. १८९० च्या सुमारास बॉब वोमॅक नावाच्या गुराख्याला क्रिपल क्रीकच्या कुरणात सोनं सापडलं आणि दहा वर्षांत तिथे अख्खा जिल्हा उभा राहिला, साडेनऊ हजार फुटांवर. सोनं म्हणजे चकाकणारे गोळे नाहीत, तो दगडच असतो, हजारो टन दगड खाली गिरणीत नेऊन दळायचा, म्हणजे रेल्वेशिवाय धंदा नाही. १८९४ ला दक्षिणेकडून फ्लॉरेन्स गावाहून तीन फुटी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, वर पोचली, पुढच्याच वर्षी उत्तरेकडून मिडलँड टर्मिनलची मोठी लाइन आली. मग या दोघी एका मालकीखाली आल्या आणि भाडं त्यांच्या मर्जीचं झालं. खाणवाले वैतागले आणि आयर्व्हिंग हॉबर्ट वगैरे कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पैसेवाल्या मंडळींनी तिसरी लाइन स्वतःच टाकली, १९०१ मध्ये चालू झाली. नाव लांबलचक होतं पण सगळे तिला शॉर्ट लाइन म्हणायचे. सरळ रेषेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज ते क्रिपल क्रीक वीसेक मैल आणि ही शॉर्ट लाइन पंचेचाळीस मैलांच्या आसपास! तरी ती शॉर्ट, कारण मिडलँडने गेलं तर त्याहून लांब पडायचं. चढ सहा हजार फुटांपासून दहा हजारांच्या वर.

त्याच वर्षी थिओडोर रूझवेल्ट तेव्हा उपाध्यक्ष होते, ते या गाडीतून गेले आणि म्हणाले म्हणतात की या प्रवासाचं वर्णन करायला गेलं की इंग्रजी भाषेचं दिवाळं निघतं. तिथल्या प्रत्येक पाटीवर, पत्रकावर हे वाक्य भेटेल, तयारी ठेवा.

आता लाइन अशी फिरली का, हे समजलं की रस्ता सुंदर का वाटतो ते पण समजतं. रेल्वेचं चाक लोखंडाचं, रूळ लोखंडाचा, पकड जवळजवळ नाहीच. मोटार दहा टक्क्यांचा चढ सहज घेते, रेल्वेला चार टक्के म्हणजे डोक्यावरून पाणी. आपल्या बोरघाटात १८६३ ला लाइन सुरू झाली तेव्हा सगळ्यात कडक ग्रेड, म्हणजे चढ, १ ला ३७ होता, ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, पावणेतीन टक्के, आणि त्यालाच आजही कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. शॉर्ट लाइनचा कडक ग्रेड पावणेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १ ला २६-२७. माथेरानची १ ला २० आहे पण ती दोन फुटी खेळणी गाडी, तिची तुलना नको. तर एवढाच चढ परवडतो म्हटल्यावर लाइन डोंगराच्या अंगाला चिकटून, प्रत्येक ओढ्यात आत शिरून, प्रत्येक सोंडेवरून बाहेर येऊन जाते, सोंड फारच पुढे आली तर बोगदा. मोटाररस्ता केला असता तर तीव्र वळणांची शिडी करून तासाभरात वर नेला असता आणि तुम्हाला समोरच्या गाडीची नंबरप्लेट दिसली असती. रेल्वेच्या वाटेवर तुम्ही एकाच संथ चढाने जाता, दर पाच मिनिटांनी दरी उजवीकडून समोर येते, खाली शहर दिसतं, परत डोंगराच्या पोटात. हे कुणी पर्यटकांसाठी आखलेलं नाही, ते खनिज भरलेल्या वॅगन्सना ब्रेक लागावेत म्हणून आखलंय. लक्षात घ्या, भरलेला माल उतारावर यायचा आणि रिकामी गाडी चढावर, म्हणजे खरी भीती चढायची नाही, उतरायची. आपल्या घाटात कॅच साइडिंग असतात ते याच भीतीपोटी, गाडी सुटली तर तिला चढावर वळवून थांबवायची.

लाइन चालली जेमतेम १९ वर्षं. सोनं कमी झालं, खर्च वाढले, दिवाळखोरी, १९२० ला गाड्या बंद. मिडलँड टर्मिनल मात्र १९४९ पर्यंत चालली, म्हणजे जिच्याशी भांडायला ही काढली तीच उरली. १९२२ ला डब्ल्यू. डी. कॉर्ली नावाच्या माणसाने अख्खी लाइन ३ लाख ७० हजार डॉलरला घेतली, रूळ काढले आणि टोलरोड केला, कॉर्ली माउंटन हायवे. डोकं बघा त्या माणसाचं, त्या वेळी अमेरिकेत घरोघर मोटारी येत होत्या, डोंगरात मोटार नेण्यासारखा संथ चढाचा, तीव्र वळणांशिवायचा रस्ता क्वचितच होता, आणि याला तो आयता मिळाला. १९३९ ला तो टोल संपून रस्ता फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे तिथल्या वनखात्याकडे आला, तेव्हापासून गोल्ड कॅम्प रोड.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, रूळ उचलले की रस्ता होतो का. होतो, पहिल्या दिवशी फार छान होतो. ग्रेड तयार, कटिंग तयार, मोऱ्या तयार, बोगदे तयार. पण रेल्वेची वाट आणि रस्ता या दोन वेगळ्या जाती आहेत.

पहिलं रुंदी. जुन्या सिंगल लाइनचा माथा, म्हणजे रूळ-खडी ज्यावर बसते ती सपाट जागा, जेमतेम पाच मीटरचा असायचा, कटिंगमध्ये त्यातून बाजूची गटारं वजा करा. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने कुठेतरी मागे जायचं. बोगद्यात तर एकच लेन, आत वळण असेल तर पलीकडून कोण येतंय दिसत नाही. आणि रेल्वेची वळणं इतकी हळू असतात की ड्रायव्हरला वाटतं रस्ता मोठा आहे, पाय दाबला जातो. तसं करू नका. खाली पाइक्स पीक डोंगराचा तांबूस ग्रॅनाइट आहे, तो उघडा पडला की कुजतो, अक्षरशः कुजतो, हाताने चोळला तर साबुदाण्याएवढे गोल दाणे सुटतात. ते दाणे रस्त्यावर पसरले की चाकाखाली छर्रे पसरल्यासारखं होतं. मी बुटाने जरा जोर देऊन पाहिलं तर पाय सरकला, बायको म्हणाली आता पुरे.

दुसरं पाणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. रेल्वेत पाणी खडीतून खाली झिरपतं, बाजूच्या गटारात येतं, मोरीतून पलीकडे जातं. रूळ काढून खडी दाबून वर मुरूम टाकला की पाणी पृष्ठभागावरून वाहायला लागतं. आता ग्रेड बघा, सलग एकाच उताराचा, मैलच्या मैल, मध्ये खोलगा नाही की उंचवटा नाही, कारण रेल्वेला तो चालत नाही. मोटारींची दोन चाकोरी पडली की तीच दोन गटारं होतात, पाऊस पडला की पाणी त्या चाकोरीत शिरतं आणि बाहेर यायला जागाच नाही, पाचशे मीटर धावत जातं, जोर धरतं आणि जिथे भराव आहे तिथे कड फोडून खाली जातं, जाताना भराव घेऊन जातं. याच्यावर उपाय आहे, दर काही अंतरावर रस्त्याला आडवी, रुंद, उथळ घळ द्यायची म्हणजे पाणी दरीकडे निघून जातं, गाडीला जरा हेलकावा बसतो एवढंच. पण ते रेल्वेच्या आखणीत नसतं, रस्ता करणाऱ्याला नव्याने करायला लागतं आणि दरवर्षी परत घासायला लागतं.

इथे एक माझाच किस्सा. घाटात पहिल्याच पावसाळ्यात मी ट्रॉलीवरून इन्स्पेक्शनला निघालो, सगळं बघत चाललोय, वहीत लिहितोय, आणि एक मोरी नजरेतून सुटली. वरच्या तोंडाला एक वाळलेलं झाड आडवं पडून त्यावर पाचोळा, गाळ, सगळं अडकलं होतं, ट्रॉलीवरून फक्त खालचं तोंड दिसतं आणि ते कोरडं होतं, मला वाटलं सगळं ठीक. संध्याकाळी कीमन, म्हणजे रोज लाइनवरून चालत रूळ तपासणारा माणूस, आला आणि म्हणाला, साहेब, भर पावसात मोरी कोरडी कशी? बस. तेवढ्यात कळलं. रात्री गँग, म्हणजे लाइनची देखभाल करणाऱ्या माणसांची टोळी, घेऊन गेलो, कुदळ-फावडी, कंदील, गुडघाभर गाळ. तो माणूस फारसा शिकलेला नव्हता पण रोज त्या तीन-चार किलोमीटरमधून चालायचा, त्याला कुठल्या मोरीचा आवाज कसा असतो ते पाठ होतं. सांगायचं एवढंच की रेल्वे बंद होते तेव्हा रूळ जातात ते सगळ्यांना दिसतं, कीमन आणि गँग पण जाते ते कुणाला दिसत नाही. आणि घाट धरून ठेवलेला असतो तो त्यांनी.

आता तिसऱ्या बोगद्याचं. त्या काळी खडक कच्चा असेल तिथे बोगद्याला आतून लाकडी चौकटी द्यायचे, दोन खांब, वर आडवा ओंडका, पाठीमागे फळ्या, फळ्या आणि खडक यांच्यामध्ये लाकडाचे तुकडे ठोकून भरायचे. लाकूड कायम कोरडं राहिलं तर टिकतं, कायम पाण्यात राहिलं तरी बरंच टिकतं, पण ओलं-सुकं-ओलं-सुकं झालं की कुजतं, आणि बोगद्याच्या तोंडाजवळ नेमकं तेच होतं, त्यात तिथली थंडी, फटीतलं पाणी गोठून फुगतं, दगड सुटतो, परत वितळतं. रेल्वे चालू असताना एकेक चौकट काढून बदलत राहायचं असतं. दगड पण तपासायचा असतो, हातोडीने ठोकून, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर मागे पोकळ आहे. आपल्याकडे हिल गँग असते, माणसं दोरावर लोंबकळत डोंगर उतरतात आणि सुटलेले दगड पावसाळ्याआधी पहारीने पाडून टाकतात, गाडीवर पडण्याआधी. या बोगद्याला रेल्वे गेल्यापासून १९८८ पर्यंत ६८ वर्षं. मला तो कोसळल्याचं आश्चर्य नाही वाटलं, इतकी वर्षं टिकला याचं वाटलं.

मी तिथपर्यंत पायी गेलो होतो. वरच्या पार्किंगपासून सव्वा मैल असेल, इतकी सपाट वाट की आजीबाई पण जातील. बोगद्याचं तोंड बंद केलेलं आहे, बाजूने वर चढून पलीकडे जाणारी पायवाट आहे, तिथूनच सेंट मेरीज फॉल्सची वाट फुटते. जवळ जाऊन डोकावायच्या भानगडीत पडू नका, अर्धवट बसलेला बोगदा पूर्ण बसलेल्यापेक्षा वाईट.

भुतांच्या गोष्टी पण ऐकायला मिळतील, शाळेची बस आत असताना बोगदा कोसळला आणि मुलांच्या हातांचे ठसे गाडीच्या काचेवर उमटतात वगैरे. तसल्या अपघाताची कुठे नोंद नाही. बोगदा म्हटला की भूत येतंच, आमच्या घाटात प्रत्येक बोगद्याचं एक होतं, आणि रात्रपाळीच्या पेट्रोलमनला, म्हणजे लाइनवर गस्त घालणाऱ्याला, विचारलं तर तो म्हणायचा भूत परवडलं साहेब, अस्वल नको.

तो बोगदा परत उघडता येईल का? येईल. पोलादी कमानी, खडकात बसवायचे लांब रॉकबोल्ट, फवाऱ्याने काँक्रीट, आज हे काही अवघड नाही. पण उघडून आत एकच लेन, पुढेमागे पाच मीटरची वाट, आणि आता त्या भागात चालणाऱ्यांची इतकी सवय झालीय की गाड्या परत आणल्या तर लोक भांडतील. माझं मत विचाराल तर राहू दे बंद. देखभाल करायला माणसं नसतील तर वजन कमी करणं हाच शहाणपणा, आणि मोटारीपेक्षा माणूस हलका.

त्याच भागात दुसरी लाइन पण रस्ता झालीय, ती पण बघा, फँटम कॅन्यन. ही ती आधीची फ्लॉरेन्सची नॅरोगेज. ती डोंगराच्या अंगावरून नाही तर ओढ्याच्या काठाने गेली, म्हणजे तिचा शत्रू वेगळा, पूर. १९१२ च्या पुराने तिचे पूल आणि रूळ नेले आणि लाइन तिथेच संपली, मग त्या वाटेवर रस्ता झाला. दोन बोगदे आहेत, दोन्हीतून गाडी जाते, आणि ॲडलेडचा लोखंडी पूल अजून त्या काळचा उभा आहे. २५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे, यावरून रुंदीचा अंदाज घ्या. आणि अजून उत्तरेला रोलिन्स पासचा रस्ता, तो पण जुनी रेल्वे, १९२८ ला खालून मॉफट बोगदा झाल्यावर वरची लाइन बिनकामाची झाली, तिचा रस्ता केला, आणि १९९० मध्ये नीडल्स आय नावाच्या बोगद्यात दगड पडून तो बंद झाला. बघा, परत बोगदाच.

आता खंडाळा. मुळात तो घाट बंद झालाच नाही, आज तिथे तीन लाइन आहेत आणि रात्रंदिवस गाड्या चालू आहेत, रस्ता करायला रिकामी लाइन आहे कुठे? बंद झालं ते रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी डोंगराच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ ला नवीन आखणी झाली आणि ते सुटलं, पण तो तुकडा छोटा. आणि समजा उद्या अख्खा घाट रिकामा झाला तरी मी हात जोडून सांगेन की आधी पाण्याचं बघा. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बर्फ धरून. लोणावळ्यात ४००० च्या पुढे, आणि तो पण चार महिन्यांत. आपला काळा दगड त्यांच्या ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी चांगला, तरी त्यावरची माती आणि फटीतली झाडं चांगली नाहीत. गँग काढून घेतली तर पाच पावसाळ्यांत रस्त्यावर दरड आणि मोरीवर झाड. करायचा तर चालायचा आणि सायकलचा करा, आणि पावसाळ्यात कुलूप लावा.

आता तुमच्या कामाचं. आईबाबा आहेत तर खालच्या बाजूने जा, नॉर्थ शायेन कॅन्यनमधून हेलन हंट फॉल्सवरून वरच्या पार्किंगला या, तिथून बंद भागात अर्धा-पाऊण मैल चाला, वाट रेल्वेची असल्याने गुडघ्यांना कळणार पण नाही, मग परतीला गाडी खालच्या गोल्ड कॅम्प रोडने दोन्ही बोगद्यांतून शहरात आणा. बोगद्यात शिरण्याआधी दिवे लावा, काच खाली करा, थांबून ऐका, मग शिरा. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, तिथेही आणि इथेही. सप्टेंबरच्या शेवटी जात असाल तर वरच्या भागातली ॲस्पेनची झाडं पिवळी झालेली असतात, मग एक दिवस ओल्ड स्टेज रोडने वर जाऊन क्रिपल क्रीकपर्यंत करा, पण सकाळी लवकर, दुपारी वर ढग गडगडायला लागतात. उंचीचं बाबांच्या डॉक्टरला विचारून ठेवा, दहा हजार फूट म्हणजे लोणावळ्याच्या पाचपट. रस्ता उघडा आहे का ते फॉरेस्ट सर्व्हिसकडे आदल्या दिवशी बघा. आणि गाडी भाड्याची असेल तर कागद नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी कच्च्या रस्त्यावर नेली तर विमा लागू होत नाही असं बारीक अक्षरात असतं. माझ्या मुलाने ते खिंडीत पोचल्यावर वाचलं, आणि मग अख्खा उतार पहिल्या गिअरमध्ये.